लाम्मावरचं भुयार

आप्पा भुयाराच्या तोंडाशी आले आणि बूट काढायला लागले.

"अहो आप्पा, राहू दे. इथं देव नाहीये," मी म्हटलं. एक हात दगडाला टेकवून, एका पायावर उभं राहून त्यांनी नाडी निम्मी सोडवलीसुद्धा होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या अंधारात पाहिलं. "मग काय आहे?"

आपल्याकडे डोंगरात कोरलेलं काही दिसलं की आत बुद्ध तरी असतो, नाही तर महादेव. शहात्तर वर्षांत ज्यांनी लेणी आणि गुहेतली देवळंच पाहिली, ते बूट काढायला वाकले यात नवल नव्हतं. मला मात्र पुढचं बोलायला जड गेलं. आत होड्या ठेवायचे, मी सांगितलं. पुढच्या टोकात दारूगोळा भरलेल्या. एकेका होडीत एकेक मुलगा बसणार आणि शत्रूच्या जहाजावर जाऊन आदळणार, असं ठरलेलं होतं.

आप्पांनी नाडी पुन्हा बांधली. आत शिरताना कानटोपी मात्र काढून हातात घेतली.

हे भुयार लाम्मा बेटावर आहे. हाँगकाँगच्या बेटांमधलं हे आकारानं तिसरं, तरी क्षेत्रफळ पुरतं १४ चौरस किलोमीटरही नाही. हाँगकाँग बेटावरच्या सेंट्रल भागातल्या ४ नंबरच्या धक्क्यावरून फेरी सुटते आणि अर्ध्या तासाच्या आत काचेचे मनोरे मागे टाकून तुम्हाला एका गावात आणून सोडते. इथं मोटारी नाहीत. सामान वाहायला हातगाडीएवढ्या छोट्या गाड्या, बाकी सगळे पायी किंवा सायकलवर. घरं तीन मजल्यांची, त्याहून उंच नाहीत. मी हाँगकाँगला आले त्याला आता नऊ वर्षं झाली, आणि पहिल्या वर्षी गावची आठवण फार यायला लागली की मी लाम्माला यायची. आई गेल्यानंतर आप्पा पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आले होते. डिसेंबरची कोरडी थंडी, स्वच्छ ऊन. त्यांना गगनचुंबी इमारती दाखवून झाल्या होत्या. आता मला माझी जागा दाखवायची होती.

फेरी ज्या धक्क्याला लागते त्या गावाचं नाव युंग श्यू वान. युंग श्यू म्हणजे वडाचं झाड आणि वान म्हणजे खाडी. वडाची खाडी! हे सांगितल्यावर आप्पांचा चेहरा असा उजळला, जणू गावातलंच कुणी भेटलं. बाजारातून जाताना ते एका दुकानापाशी थांबले आणि डोळे मिटून उभे राहिले. दारात टोपल्यांत सुकवलेली मासळी मांडली होती. "सुकटीचा वास जगात सगळीकडे एकच," ते म्हणाले. आमचं गाव विजयदुर्गच्या खाडीकाठचं. मे महिन्यात अंगणात सुकट पसरून तिची राखण करायचं काम लहानपणी माझ्याकडे असे. आप्पा तिथून हलेनात, तेव्हा मीही त्यांच्या शेजारी उभी राहून तो वास घेतला.

पुढची वाट सिमेंटची आहे. बेटाच्या उत्तरेकडच्या या गावातून निघून दक्षिणेकडच्या सोक क्वू वान नावाच्या खाडीपर्यंत जाते, साधारण ५ किलोमीटर. आप्पांचा उजवा गुडघा दुखरा, म्हणून आम्ही दीड तासाच्या वाटेला तीन तास लावले. मध्ये हुंग शिंग येची पुळण लागते. हुंग शिंग हा इकडच्या कोळ्यांचा समुद्रदेव. पुळणीवर बसलं की उजव्या हाताला वीजकेंद्राच्या तीन धुराड्या दिसतात, प्रत्येकी २१५ मीटर उंच. १९८२पासून हाँगकाँग बेटाला इथून वीज जाते. पुष्कळ जण तोंड वाकडं करतात, की एवढी सुंदर पुळण आणि तिच्या उशाशी हे काय. मला त्या धुराड्या कधीच खटकल्या नाहीत. ज्या समुद्राकाठी माणसं राहतात तिथं कामाचंही काहीतरी उभं असणारच. वाटेत एका टपरीत सोयाच्या दुधाचा गार, थरथरता खरवसासारखा पदार्थ मिळतो, वर आल्याचा पाक घालून. आप्पांनी दोन वाट्या खाल्ल्या.

मग चढ सुरू होतो. झाडी विरळ होते, गवत आणि दगड उरतात. दगड ग्रॅनाइटचे, मोठमोठे, कडा झिजून गोल झालेले, कांद्याची सालं निघावीत तसे पापुद्रे सुटलेले. त्यांचा रंग पिवळसर-तांबूस. आप्पांना आधी तो जांभा वाटला. त्यांनी वाकून एका दगडावर बोट घासलं, कण बोटाला लागले ते उन्हात धरून पाहिले. "छे. ह्यात अभ्रक चमकतंय. जांभा नव्हे हा." आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या माणसाची ही सवय, दगडसुद्धा तपासून घ्यायचा. खाली पाण्याच्या कडेला केवड्याची जाळी होती, कोकणात असते अगदी तशी, काटेरी पात्यांच्या गुंत्यात अननसासारखी केशरी फळं. ती पाहिल्यावर मात्र ते तपासायला थांबले नाहीत. "केवडा," एवढंच म्हणाले, ओळखीच्या माणसाचं नाव घ्यावं तसं.

सर्वात वर एक छत्रीसारखा मंडप आहे, बसायला बाकं आहेत. तिथून समुद्र दोन्ही अंगांना दिसतो. पूर्वेकडच्या सामुद्रधुनीतून कंटेनरची प्रचंड जहाजं जात असतात, एकामागून एक, इतकी सावकाश की नजर काढून पुन्हा वळवली तरी जहाज जागचं हललेलं वाटत नाही. हाँगकाँगच्या बंदरात दक्षिणेकडून शिरायचा हा मोठा जलमार्ग, आणि तो लाम्माच्या अंगावरूनच जातो. सोक क्वू वानची खाडी नेमकी याच जलमार्गाकडे उघडते. तोंड पूर्वेला आणि तिन्ही बाजूंना डोंगर. आप्पांनी हे सगळं एका नजरेत टिपलं. विजयदुर्गच्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. "आत शिरलं की बाहेरून दिसायचं नाही," ते म्हणाले. "आणि बाहेर पडलं की जहाज समोरच."

तिथून उतरणीला लागलो, आणि खाडीकाठी सिमेंटच्या वाटेला लागूनच ते भुयार आलं.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. मग ओल्या मातीचा वास. वरून झाडाची मुळं लोंबतात, भिंती ओबडधोबड, काही ठिकाणी पाणी पाझरून काळपट ओघळ आलेले. मोबाइलचा उजेड टाकला की शेवट दिसतो. भुयार म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं, वळणं, दालनं, तसलं काही नाही. एक सरळ, आंधळी खोबण, होडी आत ढकलावी आणि बाहेर ओढावी एवढीच. अशा खोबणी या खाडीकाठी एकाहून जास्त आहेत. बाहेर पाटी आहे तीवर चिनी आणि इंग्रजीत 'कामिकाझे' हा शब्द लिहिलेला आहे. तेराव्या शतकात, १२७४ आणि १२८१ साली, जपानवर चालून आलेली मंगोलांची आरमारं वादळांनी उधळली. त्या वाऱ्याला जपान्यांनी दैवी वारा म्हटलं, तेच हे नाव. ऑक्टोबर १९४४मध्ये फिलिपाइन्सच्या समुद्रात जहाजांवर विमानासकट आदळणाऱ्या वैमानिकांना ते दिलं गेलं. होड्यांचं नाव वेगळं होतं. नौदलाच्या होडीला शिन्यो म्हणत, म्हणजे समुद्राला हादरवणारी.

नाव एवढं मोठं, पण होडी प्लायवुडची. लांबी ५-६ मीटर, आपल्या खाडीतल्या लहान होडीएवढी. तिला मोटारीचं इंजिन बसवलेलं, आणि नाकाडात सुमारे पाव टन स्फोटकं. अशा सहा हजारांच्या आसपास होड्या जपाननं बांधल्या. विमानं संपत आली होती, तेल संपत आलं होतं, लाकूड आणि मुलं अजून उरली होती. लष्करानंही याच धर्तीच्या होड्या केल्या, आणि जानेवारी १९४५मध्ये फिलिपाइन्समधल्या लिंगायेनच्या आखातात त्या अमेरिकी जहाजांवर सोडल्याही. त्याच महिन्यात अमेरिकी विमानवाहू जहाजांवरच्या विमानांनी हाँगकाँगवर मोठा हल्ला केला. पुढचं आरमार इथंच येणार, असं धरून लाम्माचा डोंगर पोखरला गेला.

"किती वयाची असतील?" आप्पांनी विचारलं.

पुष्कळशी वैमानिक व्हायला भरती झालेली होती, मी सांगितलं. उडायला विमान उरलं नाही म्हणून होडीवर पाठवलेली. सतरा, अठरा, एकोणीस.

आप्पांनी पस्तीस वर्षं त्याच वयाच्या आसपासची मुलं वर्गात समोर बसवली आहेत. ते भिंतीला हात लावून उभे होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेवटच्या बाकावरचे बसले नसते गं होडीत. त्यांनी काहीतरी खोट काढली असती, पळून गेले असते. पहिल्या बाकावरचे बसले असते. सांगितलेलं ऐकणारे."

मी पहिल्या बाकावरची. आप्पांच्याच वर्गात.

हाँगकाँगच्या युद्धाबद्दल मला इथं येईपर्यंत काहीच ठाऊक नव्हतं, हे कबूल करायला हवं. ८ डिसेंबर १९४१ला, पर्ल हार्बरनंतर अवघ्या काही तासांत, जपानी फौजा सीमा ओलांडून आल्या. १८ डिसेंबरच्या रात्री त्या बंदर पार करून हाँगकाँग बेटावर उतरल्या. जिथं उतरल्या तो उत्तर किनारा आपल्या ७व्या राजपूत रेजिमेंटची ५वी पलटण धरून होती. एका रात्रीत त्या पलटणीची दाणादाण झाली, अधिकारी जवळजवळ सगळे पडले. आज तिथं भुयारी रेल्वेची स्थानकं आहेत. मी रोज कामाला जाताना त्यांतल्या दोन स्थानकांवरून जाते. २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, शहर शरण गेलं. पुढचा काळ इथली म्हातारी माणसं अजूनही नावानं सांगत नाहीत, मुदतीनं सांगतात: तीन वर्षं आठ महिने. एवढं म्हटलं की पुरतं. १६ लाखांच्या वस्तीचं गाव त्या मुदतीत ६ लाखांवर आलं. तांदूळ नव्हता, म्हणून माणसांना चीनमध्ये हाकलून दिलं गेलं. उरलेल्यांतली पुष्कळ उपासमारीनं गेली.

आणि त्या होड्यांचं काय झालं? बहुतेक ठिकाणी एका वाक्यात लिहिलेलं सापडतं, की त्या कधी वापरल्याच गेल्या नाहीत. मीही पहिली काही वर्षं एवढंच वाचून बरं वाटून घेतलं होतं. मग कधीतरी पुढचं वाचलं.

१५ ऑगस्ट १९४५ला जपानच्या सम्राटानं रेडिओवरून शरणागती जाहीर केली. त्यानंतर पंधरा दिवस हाँगकाँगमध्ये कुणीच आलं नाही. जपानी सैनिक होते तिथंच होते. कैदी छावण्यांतच होते. ३० ऑगस्टला रिअर अॅडमिरल सेसिल हारकोर्ट यांचं ब्रिटिश आरमार बंदराकडे यायला लागलं, आणि तेव्हा लाम्माच्या खाडीतून या होड्या बाहेर पडताना दिसल्या. 'इंडॉमिटेबल' आणि 'व्हेनरेबल' या विमानवाहू जहाजांवरून विमानं उडाली. बाहेर पडलेल्या होड्यांवर हल्ला झाला, खाडीत उरल्या होत्या त्यांच्यावरही बाँब पडले. म्हणजे युद्ध संपून दोन आठवडे झाल्यावर, जगात सगळीकडे माणसं घरी परतायची तयारी करत असताना, या डोंगरांच्या मधल्या पाण्यात होड्यांची इंजिनं सुरू झाली. शरणागतीवर रीतसर सह्या व्हायला १६ सप्टेंबर उजाडला.

मी हे आप्पांना भुयारातच सांगितलं. मला त्या पंधरा दिवसांनी नेहमी छळलं आहे. रेडिओवर सांगितलंय की संपलं. सम्राटाचा आवाज, जो त्याआधी कुणी सामान्य माणसानं ऐकलेला नव्हता, तो म्हणाला की संपलं. आणि अठरा वर्षांचा मुलगा या खोबणीपाशी बसून आहे, त्याला मरायचं म्हणून इथं आणलेलं आहे, मरायची तारीख गेली, आता पुढं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्या पंधरा दिवसांत त्यानं घरी पत्र लिहिलं असेल का? भाताचं पातेलं चुलीवर चढवताना कुणी विनोद केला असेल का? मला त्याच्यासाठी वाईट वाटतं, आणि त्याच वेळी राजपूत पलटणीतली पोरं आठवतात, उपाशी मेलेल्या माणसांची आठवण येते, आणि ज्या फौजेनं हे केलं तिच्यातलाच तो होता हेही विसरता येत नाही. दोन्ही मनात एकदम राहतं. त्यातलं एक खाली ठेवून दुसरं उचलता येत नाही.

आप्पा भुयारातून बाहेर आले, कठड्यावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. आणि एकदम म्हणाले, "दादाकाका सदरा काढायचे नाहीत रात्री. तुला सांगितलंय का कधी?"

नव्हतं सांगितलं. दादाकाका म्हणजे आप्पांचे सख्खे चुलते, आजोबांचे धाकटे भाऊ. माझ्या जन्माआधीच गेले. बोटीवर होते, एवढंच मला माहीत. कोकणात घरटी कुणीतरी बोटीवर असायचं, त्यामुळे ते कुणी विचारतही नाही. युद्धाच्या वर्षांत ते मालवाहू जहाजावर आगवाला होते, म्हणजे तळात, भट्टीत कोळसा टाकायला. टॉर्पेडो लागला तर तळातली माणसं वर पोचायच्या आत पाणी पोचतं. म्हणून ती माणसं पाळी संपवून झोपायला गेली तरी कपडे काढत नसत. वरती धावायचं झालं तर एक क्षणही जायला नको.

"युद्ध संपलं, बोट सोडली, गावात येऊन कलमांची बाग केली," आप्पा सांगत होते. "पण सदरा घालूनच झोपायचे. मे महिन्यातसुद्धा, पडवीत, घामानं भिजलेले. आजी ओरडायची, अहो, काढा तो सदरा. ते हो म्हणायचे. काढायचे नाहीत. एसटीत बसले तरी दाराजवळची जागा. आत जागा असली तरी नाही. मला वाटायचं, यांना वारा लागतो म्हणून बसतात."

"तुम्ही विचारलंत कधी त्यांना?"

"मी सोळा-सतरा वर्षांचा असताना विचारलं होतं. म्हणाले, खालून येतं ते. दिसत नाही. एवढंच. मला तेव्हा कळलंच नाही कशाबद्दल बोलतायत."

आम्ही दोघं गप्प बसलो. समोर खाडीत मत्स्यशेतीचे तराफे पसरलेले होते, लाकडी चौकटी आणि खाली जाळी, मध्ये मध्ये पत्र्याच्या खोपी. एका तराफ्यावर रबरी बूट घातलेली बाई बादलीतून मुठीमुठीनं काहीतरी पाण्यात फेकत होती, आणि प्रत्येक मुठीसरशी पाणी उकळल्यासारखं उसळत होतं. एक कुत्रा फळीवरून तिच्या मागे-पुढे करत होता. पलीकडच्या डोंगराचा एक भाग कापून काढल्यासारखा उघडा होता. तिथं पूर्वी दगडाची खाण होती, आता झाडं लावली आहेत. ज्या पाण्यावर बाँब पडले ते हेच. त्याच्यावर आता शेवाळाचा आणि माशांच्या खाण्याचा वास होता.

मला वाटलं होतं आप्पा दमले असतील. पण ते उठले ते तिन हाऊच्या देवळापर्यंत चालत गेले. तिन हाऊ ही दर्यावर्द्यांची देवी, समुद्रावरच्या माणसाला सुखरूप घरी आणणारी. तिथं त्यांनी बूट काढले. कुणी सांगितलं नव्हतं, बाकीची माणसं बूट घालूनच आत जात होती. उदबत्ती कशी लावायची ते त्यांनी शेजारच्या माणसाचं बघून केलं, तीन काड्या, तीन वेळा वाकून. मी विचारलं नाही कुणासाठी.

त्या आठवड्यात त्यांच्याच आग्रहानं आम्ही साय वानच्या युद्धस्मशानात गेलो. डोंगरउतारावर पांढऱ्या दगडांच्या रांगा खाली समुद्राकडे उतरत जातात. ज्यांचं दहन झालं त्या सैनिकांसाठी तिथं वेगळं स्मारक आहे, कारण त्यांची थडगी असणार नाहीत. आप्पांनी त्यावरची नावं हळू आवाजात वाचली, हजेरी घेतात तशी, प्रत्येक नावानंतर थोडं थांबून. मी मागे उभी होते. पण ते नंतरचं.

लाम्माहून परतायला आम्ही सोक क्वू वानच्याच धक्क्यावरून संध्याकाळची फेरी घेतली. हॉटेलांचे दिवे लागले होते, काचेच्या टाक्यांतल्या माशांभोवती मुलं गोळा झाली होती. दक्षिणेला, डोंगरापलीकडे, शाम वानची पुळण आहे. हिरवी समुद्री कासवं तिथं अंडी घालायला येत, म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर तिथं माणसांना बंदी असते. २०१२नंतर कासव आलेलं नाही, तरी दर वर्षी पुळण राखून ठेवतात. वेळासला आपली माणसं ऑलिव्ह रिडलेची घरटी राखतात, ते आप्पांनी पाहिलेलं आहे. "आलं नाही तरी ठेवतात?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

फेरी खाडीबाहेर पडली आणि हेलकावे सुरू झाले. कंटेनरचं एक जहाज अंधारात दिव्यांची भिंत होऊन समोरून सरकत होतं. आम्ही मधल्या रांगेत खिडकीशी बसलो होतो, चांगली उबदार जागा होती. आप्पांनी थोडा वेळ बाहेर पाहिलं. मग बाकाच्या दांड्याला धरून उठले, गुडघा सांभाळत पुढे गेले आणि दाराजवळच्या बाकावर बसले, जिथं थंड वारा येत होता. मी पिशवी उचलली, त्यांची टोपी उचलली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.